बाईंचा उतार

विमलच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी गॅलरीत कुळीथ निवडत बसले होते. तिचं नाव दिसल्याबरोबर 'हॅलो'सुद्धा न म्हणता मी तोंड सोडलं, "काय गो, परवा येते म्हणालीस ना? कुठं उलथलीस? का आता आणखी काही नवीन काढलंस?"  पलीकडून तिच्या धाकट्या भावाचा, प्रभाकरचा आवाज आला. "नंदाताई, मी बोलतोय... ताई गेली. पहाटं. झोपेतच." मांडीवरचं सूप तसंच राहिलं. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. आमचं एक काम अर्धं राहिलं होतं. हाती घेतलेलं काम अर्धं टाकून जायची विमलची सवय नव्हती, आणि नेमकं हेच एक टाकून ती गेली. ते काम काय होतं हे सांगायचं तर मला पार पोलादपूरपर्यंत मागं जावं लागेल.

आम्ही दोघी पोलादपूरच्या, एकाच आळीतल्या. आमच्या लहानपणी हायवेवर गोव्याकडं जाणारे ट्रक थांबायचे, त्यांच्यासाठी दोन-चार गॅरेजं होती आणि त्या गॅरेजांच्या मागच्या ढिगाऱ्यात झिजलेली बेअरिंगं पडलेली असायची. ती मागून आणायची, खोक्याच्या फळीला पुढं-मागं आडव्या काठ्या ठोकायच्या, काठ्यांच्या टोकांना बेअरिंगं बसवायची, पुढची काठी वळवायला सुंभाची दोरी... झाली गाडी. विमलचे भाऊ आणि माझे भाऊ मिळून ही गाडी महाबळेश्वरच्या रस्त्यावर न्यायचे, जिथून आंबेनळीचा चढ सुरू होतो तिथं. वाहनं तेव्हा बोटावर मोजण्याइतकी. चढावरून गाडी सुटली की लोखंड डांबरावर अशी काही ओरडायची की आळीतल्या बायका म्हणायच्या, "निघाली बघा वरात." आता वर चढवताना गाडीवर बसलेल्या पोराला ढकलायला कुणीतरी हवं. ते काम विमलचं आणि माझं. आम्ही ढकलत वर न्यायचं, मुलग्यांनी बसून खाली जायचं, आणि आम्ही चालत खाली पोचेपर्यंत खालून हाका सुरू, "चला गो, ढकला!" जगाची रीतच अशी आहे असं मी समजून चालले होते. मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं, कारण ढकलताना खिदळायला मिळायचं.

विमलला मात्र एक किडा चावला होता. एकदा अर्ध्या चढावर ती थांबली आणि गाडीवर बसलेल्या प्रभाकरला म्हणाली, "प्रभ्या, खाली जाताना कसं वाटतं रे?" तो म्हणाला, "मस्त." "मस्त म्हणजे कसं?" "मस्त म्हंजे मस्त." तिचं समाधान होईना. "मग मी बसून बघते." त्यावर सगळी पोरं ओरडली, "पोरगी बसली तर गाडी पलटते!" हा शोध कुणी लावला होता कोण जाणे. विमलनं विचारलं, "कधी पलटली? कुणी बसून बघितलं?" पण गाडी काही तिला मिळाली नाही. पुढं फळी मोडली, रस्त्यावर गाड्या वाढल्या, आणि आम्हीही मोठ्या झालो, म्हणजे रस्त्यावर हुंदडण्याच्या वयाच्या राहिलो नाही. मी ते विसरले. विमल विसरली नाही.

ती विज्ञानाची शिक्षिका झाली. आधी वरंधला, मग बरीच वर्षं महाडला. मी बँकेत लागले आणि लग्न होऊन महाडच्याच बाजारपेठेत आले, त्यामुळं मैत्री तुटली नाही. तिनं लग्न केलं नाही. "का नाही केलंस?" असं विचारणारे पुष्कळ भेटले. ती म्हणायची, "विचारणारे सगळे उत्तर सोबत घेऊनच येतात गो, प्रश्न कुणी आणतच नाही." वर्गात तिचं एकच वाक्य ठरलेलं असायचं, तिचे विद्यार्थी अजूनही तिची नक्कल करत ते म्हणतात... "एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो." घरी भाजी खारट झाली तरी ती हेच म्हणायची. निवृत्त झाल्यावर ती पोलादपूरला भावाच्या घरी राहायला गेली, पण दर दोन-तीन दिवसांनी एसटीनं माझ्याकडं येऊन गॅलरीत बसायची. माझ्या गॅलरीखाली जुनी भाजी मंडई आहे, आणि पुढचं सगळं त्या मंडईनंच घडवलं.

मंडई नवीन जागी गेली आणि जुनी तशीच राहिली. ऐन बाजारपेठेत एवढी मोठी सिमेंटची जमीन, कडेला भाजीवाल्यांचे रिकामे ओटे, वर पत्रा अर्धा आहे आणि अर्धा नाही. सावित्री नदीला पाणी चढलं की गाळ आत शिरायचा, तो तसाच वाळून बसायचा. मोडक्या हातगाड्या, कुणाच्या तरी लग्नातल्या कमानीचे बांबू, आणि दुपारच्या सावलीला शेळ्या. व्यापारी म्हणत, इथं पार्किंग करा. काहींना गाळे हवे होते. पण होत काहीच नव्हतं, आणि आम्ही सगळे नाकाला पदर लावून कडेनं जात होतो. एका संध्याकाळी चहा पिता पिता विमल कठड्यावर वाकली आणि म्हणाली, "नंदे, ती बघ पोरगी. पडतेय, उठतेय, परत तिथंच जाऊन पडतेय. का बरं?"

खाली जीन्स घातलेली एक मुलगी चाकांच्या फळीवर उभी राहून ओट्यावरून खाली उडी मारायला बघत होती. मी म्हटलं, "डोकं फिरलं असेल." विमल तोवर चपला घालून जिन्यात पोचलीही होती. मी मागोमाग. मुलीनं आम्हाला बघितलं आणि फळी पायाखाली दाबून एकदम ताठ उभी राहिली. "बाई, तुम्ही?" वरंधजवळच्या बौद्धवाडीतली करुणा, विमलची जुनी विद्यार्थिनी. शिकायला मुंबईला गेली, तिथं हे वेड लागलं, आणि आता महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला लागली होती. शाळेतल्यासारखीच ती घाईघाईनं खुलासा करू लागली, "सॉरी बाई, इथं कुणी येत नाय म्हणून... रोडवर तर खड्डेच हायत. एवढीच स्मूथ जागा भेटली." विमलनं तिचं ऐकलंच नाही. ती खाली बसली, फळी उलटी केली आणि चाक बोटानं फिरवलं. ते फिरतच राहिलं. मग मान वर करून माझ्याकडं बघत ती म्हणाली, "नंदे, आत बेअरिंग आहे गो." त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी मनात म्हटलं, मेलं, आता ही काही गप्प बसत नाही.

गप्प बसली नाहीच. करुणानं मोबाईलवर बाहेरच्या गावांतले स्केटपार्क दाखवले... सिमेंटचे चढ, उतार, वाडग्यासारखे खड्डे आणि त्यातून भिरभिरणारी पोरं. विमलनं प्रत्येक चित्राला प्रश्न विचारले. चाकं रबरासारखी का? उताराच्या तळाशी गोलाई का? पडायचं कसं हे शिकवतात का? करुणाला संध्याकाळी आणखी चार पोरं येऊन मिळू लागली होती, एकच फळी सगळ्यांत फिरायची. विमलनं पालिकेकडं अर्ज टाकला की जुन्या मंडईच्या एका भागात उतार बांधू द्या. बैठकीला ती मलाही घेऊन गेली, "तू नुसती बस, तुझ्याकडं बघून लोक घाबरतात." सभागृहात व्यापारी तावातावानं बोलले. मोटारसायकली लावायला जागा नाही आणि ह्यांना खेळायला मंडई पाहिजे! फळीवरून घसरायची ही कुठली थेरं! जागा सार्वजनिक आहे, तिचा काही उपयोग व्हायला नको का? विमल उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "सार्वजनिक म्हणजे कुणाची, हे चवदार तळ्याच्या गावाला मी सांगायला हवं का? विकत घ्यायला येणाऱ्यांसाठी सगळी बाजारपेठ आहे. जो काही विकत घेणार नाही, त्याच्यासाठी एक कोपरा मागतेय." कुणी खोकलं, कुणी पंख्याकडं बघितलं. शेवटी ठरलं की वर्षभर करून बघा, कुणी फिरकलं नाही तर पार्किंग. बाहेर पडताना मी तिचं कौतुक केलं तर ती म्हणते, "ते राहू दे. पोरी येतील का, हे मला बघायचंय."

दिवाळीनंतर गाळ उपसला. कुणी सिमेंट दिलं, कुणी रेती, विमलचे जुने विद्यार्थी घमेली घेऊन हजर झाले. उतार बांधायला तुडीलचा तुकाराम गवंडी आला. त्याचा मुलगा विमलच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळं बाईंचा शब्द त्याला खाली पडू द्यायचा नव्हता. समोरासमोर दोन उतार, मधे सपाट जमीन. करुणानं त्याला परत परत सांगितलं, गुळगुळीत पाहिजे, एकदम आरशासारखं. त्यानं घोटलंही तसंच. संध्याकाळी आम्ही सगळे बघून गेलो, अगदी तोंड दिसेल असं काम. आणि सकाळी मी गॅलरीत आले तर खाली करुणा डोक्याला हात लावून बसलेली. एका उतारावर वरपासून खालपर्यंत आडव्या खाचा पाडलेल्या! आपल्याकडं घरासमोरच्या उताराला, दवाखान्याच्या रॅम्पला पाडतात ना, तशाच, सुबक आणि एकसारख्या. सिमेंट ओलं होतं तोवर तुकाराम मागं राहून हे करून गेला होता.

त्याला बोलावलं तेव्हा तो अगदी खुशीत आला. "बाई, रातभर जीवाला घोर लागला असता. पावसात शेवाळ धरंल, पोरं घसरतील. म्हनून मी आपल्या मनानं खाचा पाडल्या. मजुरी नको त्याची." करुणा रडकुंडीला आली होती. "अहो मामा, घसरायलाच तर बांधतोय!" तुकारामनं तिच्याकडं बघितलं, मग विमलकडं, मग माझ्याकडं. "घसरायसाठी उतार?" तो म्हणाला. "जल्म गेला माजा, लोकं घसरू नयेत म्हनून उतार बांधतोय." आणि गंमत म्हणजे जमलेल्या निम्म्या बाजारपेठेचं मत पडलं की तुकारामचंच बरोबर आहे. मलाही आतून तसंच वाटलं. कोकणात खाचा नसलेला उतार म्हणजे मोडलेला खुबा. चूक त्या एकट्या माणसाची नव्हती, अख्खं गाव चुकलं होतं. मी विमलकडं बघितलं, आता ही काय बोलते म्हणून. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दुसरा उतार वाचला होता. तुकारामनं खाचांवर थर द्यायची तयारी दाखवली, पण विमल नको म्हणाली. तिनं करुणाची फळी खाचांवर ठेवून ढकलून बघितली. चाकं अडखळली आणि फळी आडवी झाली. मग कुलपाची लोखंडी किल्ली घेऊन तिनं खाचांवरून खालपर्यंत ओढली. खर्रर्रर्र... तिनं परत वरून ओढली. "नंदे, आवाज ओळखलास?" मी ओळखला होता. पण कबूल कशाला करा? "छे," मी म्हटलं. तिनं तिथंच उभं राहून पोलादपूरला फोन लावला. "प्रभ्या, बेअरिंगं आहेत का रे जुनी? लोखंडाला खाचांचं काही वाटत नाही." प्रभाकरनं सगळा जन्म गॅरेजमध्ये काढलेला. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

शिमग्याच्या आदल्या रविवारी तो गाडी घेऊन आला. सागवानी फळी, पुढं वळती काठी, दोरी सुंभाची नाही तर नायलॉनची, एवढाच काय तो फरक. गुळगुळीत उतारावर करुणाची पोरं खेळत होती. त्यात मुलीही होत्या, माझ्या खालच्या मजल्यावरची नववीतली मुलगी तर सगळ्यांत पुढं. ती सगळी खेळ थांबवून जमली. सत्तरीला टेकलेल्या बाई पदर खोचून खाचांच्या उतारावर चढल्या, हे बघायला दुकानदारही गल्ल्यावरून उठून आले, ज्यांना पार्किंग हवं होतं तेसुद्धा. विमल फळीवर बसली. पाय काठीवर, दोरी हातात. गुडघे दुखतात म्हणून तिच्याच्यानं मांडी घालवत नव्हती, पण हे जमलं. प्रभाकर मागं उभा राहिला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला तो माणूस खाली वाकून तिच्या पाठीला हात लावून म्हणाला, "ताई, पलटशील हां. पोरगी बसली तर पलटते गाडी." ती समोर बघूनच म्हणाली, "तेच तर बघायचंय. ढकल रे."

त्यानं ढकललं. उतार केवढासा, पण आवाज... मंडईच्या पत्र्याखाली तो असा घुमला की पारव्यांचा थवा उडाला. ती खाली आली, सपाटीवरून जात राहिली आणि रिकाम्या ओट्याला अलगद टेकून थांबली. गाडी पलटली नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या, तुकारामनं टाळ्या वाजवल्या, खाचांचं श्रेय त्याला मिळालंच होतं. मी धावत गेले. "काय गो, कसं वाटलं?" इतक्या वर्षांचा प्रश्न, मला वाटलं आता ही रडेल नाहीतर काही मोठं बोलेल. तिनं वळून उताराकडं बघितलं. मग म्हणाली, "नंदे, पुढं बसलं ना, की मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. ढकलणारं माणूस आहे हेसुद्धा दिसत नाही. म्हणून ह्या मुलग्यांनी कधी वळून बघितलं नाही गो. मुद्दाम नव्हतं ते." प्रभाकर उतारावरच उभा होता. त्यानं तोंड फिरवलं आणि टॉवेलनं मान पुसली. मी विचारलं, "एवढंच? वाटलं कसं?" तर लगेच आली बाई वर्गात. "एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. तू बस, मी ढकलते. मग दोघींचं जुळतंय का बघू."

मी नाही म्हटलं. गुडघा, साडी, एवढी माणसं. "पुढच्या वेळी बसते," म्हटलं. तिनं मान हलवली. त्याच दिवशी तिनं करुणाकडून भिंतीवर रंगानं लिहवून घेतलं... 'जो ढकलेल, त्याचा पुढचा नंबर.' तो नियम गाडीसाठी होता, पण पोरांनी फळ्यांनाही लावला. जागेला स्केटपार्क कुणी म्हणत नाही. दोन्ही उतार मिळून 'बाईंचा उतार'. गाडी जिन्याखाली ठेवायची म्हणून माझ्या घरी आली. त्यानंतर विमल आली की मला टोचायची, "कधी बसतेस?" आणि मी ऊन कमी होऊ दे, गर्दी कमी होऊ दे, असं करत राहिले. मग एकदा फोनवर म्हणाली की थोडा दम लागतोय, पण परवा येते नक्की. आणि तिच्या नंबरावरून तो फोन आला.

तिच्या जाण्याला आता महिना होऊन गेला. मंडईत शोकसभा झाली, भाषणं झाली, त्यात तिच्या त्यागाविषयी वगैरे बरंच बोललं गेलं. ती ऐकत असती तर म्हणाली असती, त्याग नव्हे, चौकशी. मला कुणाला तरी सांगायचं होतं की ही बाई साठ वर्षं एक प्रश्न सांभाळून होती, चिडून नाही, रुसून नाही, खरोखर जाणून घ्यायचं होतं म्हणून. पण ते भाषणात बसेना. प्रभाकर माझ्या शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, "नंदाताई, गाडी हाय ना तुमच्याकडं?"

गेल्या रविवारी सकाळी त्यानं गाडी जिन्याखालून काढली, बेअरिंगांना तेल घातलं. मृग तोंडावर आलाय, पुन्हा पाणी येईल, गाळ येईल, पोरांना तो उपसावा लागेल. त्याआधी उरकायला हवं होतं. मी साडी सोडून सलवार चढवली नाही की कुणाला सांगितलं नाही, पण बाजारपेठेत काय लपतं? करुणा होती, पोरं होती, तुकाराम उगाचच इकडून चाललो होतो म्हणत थांबला होता. प्रभाकर मागं उभा राहायला लागला तेव्हा मी म्हटलं, "तू नको. नियम बघ, भिंतीवर काय लिहिलंय. तू ताईला ढकललंस, आता माझ्यानंतर तुझा नंबर बसायचा, ढकलायचा नाही." मग खालच्या मजल्यावरची ती नववीतली मुलगी पुढं झाली. तिनं माझ्या पाठीवर दोन्ही हात ठेवले.

विमल, माझं निरीक्षण लिहून ठेवते. गाडी पलटली नाही. त्या खर्रर्र आवाजात मला आंबेनळीच्या चढावरची धूळसुद्धा नाकात आल्यासारखी वाटली. तुझं म्हणणं जुळतंय, मागचं काही दिसत नाही. फक्त एक तुझ्याकडून राहून गेलं, किंवा तू ते माझ्यासाठी ठेवलंस. खाली पोचून गाडी थांबली तरी पाठीला हात लागलेले कळत राहतात गो. बराच वेळ कळत राहतात.